बाटलीतले बुडबुडे

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणुकीसाठी. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, विहिरीवर वाजणारे पैंजण... या मंडळींना वर्षभर सुट्टी कशी ती नाही. मी आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. घरात देव होते ते बायकोच्या हुकमतीखाली. मांजर आडवं गेलं तर मी थांबतो, पण ते मांजर घाईत असतं म्हणून. भूत, भानामती, बाहेरचं यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही नाही.

तरीही हे लिहितोय, त्याला कारण झाला भाचीचा नातू. गेल्या महिन्यात त्याला कफ झाला, तर भाचीने त्याच्या पायाच्या अंगठ्याला एक चिमटा लावला. चिमट्यावर आकडा उमटला. मग रात्रभर सगळं घर त्या आकड्याकडे बघत बसलं. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते आता आकडा सांगतो. आमच्या वेळी हे यंत्र म्हणजे एक टॉर्च आणि दोन उघडे डोळे. ओठ बघायचे, नखं बघायची. गुलाबी असतील तर श्वास सोडायचा, जांभळट दिसली तर धावायचं. ती भाची स्वतः तान्ही असताना मी तिचे ओठ असेच एक रात्र बघत बसलो होतो. ती ही रात्र.

गाव कारंजा. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन-तीन वर्षं झाली होती. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोल्यातच मोडायचो. गावात एका ट्रस्टचा दवाखाना होता. त्याचं नाव सांगत नाही, आता तो उरलेलाही नाही. त्या दवाखान्यात खाटांपेक्षा संगमरवरी पाट्या जास्त होत्या. अमुक यांच्या स्मरणार्थ पंखा, तमुक यांच्या स्मरणार्थ बाकडं. एका देणगीदाराच्या तीर्थरूपांच्या स्मरणार्थ तर पिकदाणी होती. वडिलांवर त्याचा नेमका काय राग होता, कळायला मार्ग नाही.

त्या हिवाळ्यात दवाखान्याने लहान मुलांचा वॉर्ड काढला. चार पाळणे आणि एक ऑक्सिजनचा सिलिंडर. पंचक्रोशीत असा सिलिंडर दुसरा नव्हता. उद्घाटनाला बाहेरगावचे बडे पाहुणे येणार होते आणि स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली आमच्या शाळेच्या, म्हणून मीही हजर. सिलिंडरला झेंडूचा हार घातला होता, पोटावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. दवाखान्याचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच नागपूरहून शिकून आलेले. ते बिचारे हार बाजूला सारून यंत्राची माहिती देत होते. माथ्यावरचा मुख्य व्हॉल्व्ह, तो लोखंडी चावीशिवाय उघडत नाही. त्याच्यापुढे दाब दाखवणारा काटा आणि छोटा नॉब, तो हाताने फिरतो. नॉबमधून हवा पाण्याच्या बाटलीत येते, बुडबुडत वर चढते आणि रबरी नळीतून बाळाच्या नाकाशी जाते. त्यांनी चावी फिरवली, बाटलीत बुडबुडे आले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी "वा!" म्हटलं. डॉक्टरांनी सगळं पुन्हा घट्ट बंद केलं.

त्यानंतर ट्रस्टचे सेक्रेटरीसाहेब तबक घेऊन पुढे आले. तबकात शाल, श्रीफळ आणि लाल रिबन बांधलेली एक लोखंडी चावी. "वॉर्डाची चावी मी पाहुण्यांच्या हाती सुपूर्द करतो," असं म्हणून त्यांनी ती दिली. फोटो निघाला. मला वाटलं, कुलपाची असेल. वॉर्डाला कुलूप नव्हतं हे माझ्या ध्यानात आलं नाही, कुणाच्याच आलं नाही. पाहुणे मोटारीत बसले, शाल, श्रीफळ आणि चावी घेऊन गावाबाहेर पडले. मागे राहिला हार घातलेला सिलिंडर... बंद.

पण हे सारं दुसऱ्या दिवशी कळलेलं. त्या दिवशी आम्ही सगळे पेढे खात होतो.

त्याच रात्री माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुलूच्या घरून निरोप आला. तिची मुलगी, पाच-सहा महिन्यांची. दोन दिवस सर्दी होती, आता बरगड्या आत ओढत होती. आमच्याकडे याला 'डब्बा' म्हणत, डॉक्टर न्यूमोनिया म्हणत. मी, सुलू आणि सुलूच्या सासूबाई रिक्षाने दवाखान्यात पोचलो. मेहुणे कापसाच्या कामाने बाहेरगावी होते.

वॉर्डात एकच पाळणा भरलेला होता. मंगरूळपीरकडच्या एका खेड्यातली यशोदा नावाची बाई मुलाला घेऊन संध्याकाळच्या एसटीने आली होती. शेतमजुरी करणारी, बौद्ध, वयाने सुलूएवढीच. डॉक्टरांनी मुलाला तपासून इंजेक्शन दिलं होतं, ऑक्सिजन लावायला सांगितला होता, आणि तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला एक बाळंतीण अडल्याचा निरोप आला म्हणून ते तिकडे धावले होते. वॉर्डात होत्या त्या कुसुम सिस्टर, एकट्या. त्यांनी नॉब फिरवला, बाटलीत बुडबुडे आले, त्यांनी नळी मुलाच्या नाकाशी लावली. बुडबुडे दिसत असताना माथ्यावरच्या काट्याकडे कोण बघतं?

आम्ही पोचलो तेव्हा बाटली बुडबुडत होती. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे. आम्ही पोचलो तेव्हा बाटली बुडबुडत होती.

सिस्टरांनी सुलूच्या मुलीच्या तोंडावर टॉर्च धरला. ओठ जांभळासारखे. नखंही तशीच. त्यांनी इंजेक्शन दिलं, डॉक्टरांना आणायला वॉचमनला पाठवलं आणि मग सिलिंडरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नळी एकच होती. त्यांचा हात नळीवर होता, पण ती काढवत नव्हती. मला तो हात अजून दिसतो.

यशोदा खाली भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, तिने स्वतःच्या मुलाचे ओठ पाहिले, आमच्या मुलीचे पाहिले.

"सिस्टर, थ्या पोट्टीले लावा नळी," ती म्हणाली. "माह्यं लेकरू दूध पेलं आता. थे पोट्टी निळी पडून राह्यली ना."

"बाई, डॉक्टरांनी तुझ्या मुलाला सांगितलाय ऑक्सिजन."

"मंग कायले सांगून राह्यली म्या? पाहा ना त्याचे ओठ. लाल हायेत. लावा तुमी."

सिस्टरांनी तिच्या मुलावर टॉर्च धरला. ओठ खरंच बरे होते. त्यांनी नळी काढली. आणि इथे सासूबाई बोलल्या. सासूबाई मनाने दुष्ट नव्हत्या, फक्त त्यांचं मन फार जुन्या वळणाचं होतं.

"अवं सिस्टर, त्या पोट्ट्याच्या नाकातली नळी तशीच लावता का? धुवून तरी घ्या बाप्पा. घरी गंगाजल हाये, आणाले सांगू का कोनाले?"

कुसुम सिस्टरही बौद्धच होत्या. सासूबाईंना ते ठाऊक नसावं. किंवा असावं. सिस्टर नळी स्पिरिटने पुसत म्हणाल्या, "आजी, नात काशीहून पाणी येईपर्यंत थांबते का, तेवढं विचारा तिला."

सुलू ओरडली, "आई, गप बसा हो!" लग्न झाल्यापासून सासूपुढे तिचा आवाज तेवढा एकदाच चढलेला मी ऐकला. यशोदाने आपल्या मुलाला उचलून पदराखाली घेतलं आणि परत भिंतीला टेकली.

नळी लागली. थोड्या वेळाने टॉर्चच्या उजेडात ओठांचा जांभळा रंग उतरू लागला. आधी कडेने, मग मधे. रंग उतरताना मी डोळ्यांनी पाहिला, सिस्टरांनी पाहिला, सुलूने पाहिला. वॉचमन परत आला. बाळंतपण अवघड होतं, डॉक्टरांना सोडून येता येत नव्हतं. "ओठ बघत राहा" एवढाच निरोप त्यांनी दिला होता.

मग आम्ही बघत राहिलो. सिस्टर दोन्ही मुलांवर फेऱ्या घालत होत्या. वॉर्डात आवाज फक्त बाटलीचा. सुरुवातीला मी शेगडीवरच्या वाफाऱ्याची किटली उकळतेय की काय म्हणून वळून पाहिलं होतं, पण ऑक्सिजनजवळ विस्तव नको म्हणून सिस्टरांनी शेगडी संध्याकाळीच बाहेर काढली होती. बाटलीच ती. एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. सकाळी समारंभात बुडबुडे एकसारखे, ओळीने वर चढले होते. रात्री ते तसे येत नव्हते. चार-पाच यायचे, थांबायचे. पुन्हा चार-पाच, पुन्हा थांबायचे. भराभर, छोटे छोटे. मनात आलं, नॉब सैल असेल. विज्ञानाच्या मास्तरला कारण सापडायला वेळ लागत नाही.

मधेच यशोदाने मला विचारलं, "मास्तर, पोट्टीचं नाव काय?"

"अजून ठेवलं नाही. घरात सगळ्यांना वेगवेगळं हवंय."

"आमच्याचं आनंद ठेवलं. त्याचा बाप म्हने, रडते लय तर आनंद कायचा? म्या म्हटलं, मोठा झाला का होईन." ती हसली. सुलूही हसली. त्या रात्रीतलं तेवढंच हसू.

पहाटे, खिडकीची काच करडी होत असताना, आवाज थांबला. आधी मला काय थांबलं ते कळेना, फक्त शांतता जाणवली. सिस्टरांनी नॉब फिरवून पाहिला. काही नाही. "संपला वाटतं," त्या म्हणाल्या आणि घाईने आमच्या मुलीवर टॉर्च धरला. ओठ गुलाबी. श्वास अजून जलद होता, पण बरगड्या ओढत नव्हत्या. सुलू रडायला लागली, सुटकेचं.

सिस्टर तो टॉर्च घेऊन यशोदाकडे वळल्या. ती बसल्या जागी डुलकी घेत होती, मूल पदराखाली. सिस्टरांनी पदर बाजूला केला आणि टॉर्च विझवला. मग त्या तिच्याशेजारी खाली बसल्या आणि तिला हलक्या हाताने जागं केलं.

त्यापुढचं लिहीत नाही.

डॉक्टर उजाडल्यावर आले. बाळंतीण वाचली होती, ते सांगायच्या उत्साहात आले आणि दारातच थबकले. सगळं ऐकल्यावर त्यांनी सिलिंडरचा काटा पाहिला. शून्यावर. "एका रात्रीत रिकामा कसा होईल?" म्हणत ते चावी शोधू लागले. ड्रॉवर, कपाट, खिडकी. मग त्यांना तबक आठवलं. ते सावकाश स्टुलावर बसले.

बाजारातून पाना आणून व्हॉल्व्ह उघडला. तो त्यांनी स्वतः आवळला होता तसाच घट्ट होता. उघडताच काटा थेट भरलेल्या खुणेवर गेला. सिलिंडर पूर्ण भरलेला होता. उद्घाटनाच्या टाळ्यांपुरती हवा सोडली तर त्यातून काहीही बाहेर पडलेलं नव्हतं.

डॉक्टर आणि मी तिथेच प्रयोग केला. व्हॉल्व्ह बंद केला, मग नॉब उघडला. मधल्या भागात अडकलेली हवा बुडबुडली आणि थोड्याच वेळात थांबली. म्हणजे आदल्या संध्याकाळी सिस्टरांना दिसलेले पहिले बुडबुडे खरे होते, त्यांची चूक समजण्यासारखी होती. पण ती हवा आम्ही दवाखान्यात पोचायच्या कितीतरी आधी संपायला हवी होती. "रात्रभर आवाज येत होता?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं. सिस्टर म्हणाल्या, येत होता. सुलू म्हणाली, येत होता. सासूबाईंनी मान हलवली. मी कुणाच्याही साक्षीवर विश्वास न ठेवणारा माणूस, पण त्या रात्री कान माझेच होते.

"मुलाला ऑक्सिजन मिळाला असता तर वाचला असता का?" मी डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मिळाला असता तर हा प्रश्न तुम्ही विचारला नसता, एवढंच माहीत आहे." महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. चावी नंतर एसटीच्या पार्सलने परत आली. रिबन तशीच होती.

यशोदा मात्र त्या सकाळीच मुलाला घेऊन गेली होती. पाना यायच्या आधीच. तिचा नवरा पहिल्या गाडीने आला आणि त्याच गाडीने ते परतले. म्हणजे तिच्या लेखी हिशेब असा होता — मी नळी दिली, ती पोरगी जगली, माझा गेला. आणि मला ठाऊक होतं की नळीत काही नव्हतंच. तिने दिल्याने तिच्या मुलाचं काही कमी झालं नव्हतं. एवढं तिला कळलं तर ती आयुष्यभराच्या ओझ्यातून सुटेल, असं मला वाटलं. ट्रस्टचं म्हणणं होतं की बभ्रा नको. मी त्या रविवारी मंगरूळपीरची गाडी पकडली आणि तिथून पायी तिच्या गावाला गेलो.

ती तुरीच्या शेंगा बडवत होती. नवऱ्याने मला बाज दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. चावी, व्हॉल्व्ह, भरलेला काटा. वर्गात समजावतो तसं समजावलं, जमिनीवर काडीने चित्रही काढलं. ती ऐकत राहिली.

"म्हंजे टाकी बंद होती," ती म्हणाली.

"पूर्ण बंद. तू नळी दिलीस म्हणून काही झालं नाही, यशोदा. नळी रिकामी होती."

"मास्तर, तुमी होते ना तती रातभर?"

"होतो."

"बुडबुड आयकली का नाई तुमी?"

खोटं बोलायला मला तेवढा एक क्षण मिळाला होता. नाही म्हणालो असतो तर कदाचित... पण ती माझ्याकडे सरळ बघत होती आणि आवाज तिनेही ऐकला होता.

"ऐकली," मी म्हणालो.

"टाकी बंद होती. मंग कोनाची हवा होती थे?"

मी जमिनीवरच्या चित्राकडे पाहिलं.

"सांगा ना. तुमी शिकेल मानसं."

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना वं. मास्तर एवढ्या दुरून आले."

"येऊ दे. म्या कुठं भांडून राह्यली?" ती पुन्हा शेंगांकडे वळली. "मले फक्त एकडाव पोट्टी दाखवजा, मास्तर. दुसरं काई नाई."

तिला सोडवायला गेलो होतो. निघालो तेव्हा तिच्या हिशेबात नळीच्या जागी दुसरंच काही बसलं होतं, आणि ते मी खोडू शकत नव्हतो.

पोरगी दाखवायला चार वर्षं लागली. सासूबाईंचं कारण दर वेळी नवं. थंडी, मग ऊन, मग गोवर. शेवटी सुलूनेच तोड काढली. मंगरूळपीरच्या दर्ग्यावर नवस फेडायचाय, असं तिने घरी सांगितलं. सासूबाईंना दर्गा चालायचा, वरून नारळही त्यांनीच दिला. बौद्धवाडा चालायचा नाही.

यशोदाला तोवर दुसरं मूल झालं नव्हतं. ती थकलेली दिसली. सुलू तिच्या पायाशी वाकायला गेली तर तिने तिला वरच्या वर धरलं, "काहून वं, मले म्हातारी करतं का?" मुलगी अंगणात कोंबडीमागे धावून धापा टाकत परत आली. यशोदाने तिला जवळ ओढलं, पाठमोरं वळवलं, फ्रॉकवर, दोन खांद्यांच्या मधे कान टेकवला आणि डोळे मिटले. मुलगी कधी एका जागी उभी न राहणारी. ती तेव्हा अगदी स्थिर उभी राहिली. कोंबडी जवळून गेली तरी हलली नाही.

बऱ्याच वेळाने यशोदाने डोळे उघडले. सुलूकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"हाये," ती म्हणाली.

काय आहे, ते मी विचारलं नाही. पुढे यशोदा आणि तिचा नवरा कामासाठी कुठेतरी निघून गेले आणि पुन्हा भेट झाली नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. किंवा पहिल्याच खेपेला जायला नको होतं, असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं आणि वयोमानाप्रमाणे दोन्ही वाढत चाललंय.

कारणं मी पुष्कळ शोधली. पाइपची गळती, तापमानातला फरक, थकलेल्या माणसांचा सामूहिक भास. विद्यार्थ्याने यातलं एकही उत्तर लिहिलं असतं तर मी गुण दिले नसते. गेल्या महिन्यात त्या चिमट्यावरचा आकडा रात्रभर चांगला राहिला. सगळे झोपले. मी मात्र भाचीकडे बघत होतो. नातवाला मांडीवर घेऊन तीही पेंगली होती, आणि झोपेत तिचा श्वास चालू होता. चार-पाच, जरा थांबून. पुन्हा चार-पाच.